भाडेकरूंची आत्या

बोईसरला नवापूर रस्त्यावरून आत वळलं की एका बैठ्या चाळीपाशी गल्ली संपते. चाळ हरेश्वर राऊतांनी बांधली, भाडेकरूही तेच बघून ठेवायचे, पण चाळ ओळखली जाते ती त्यांच्या बायकोवरून. रिक्षावाल्याला ‘बुआ की चाल’ सांगितलं की तो पुढे काही विचारत नाही. ही बुआ, म्हणजे हिंदीतली आत्या, ती चंद्रकांता. घिवलीची माहेरवाशीण, साठी ओलांडलेली, उंच, आता थोडी वाकलेली. त्या चाळीत बिहारचे, ओडिशाचे, झारखंडचे, तमिळ, नेपाळी असे कितीतरी लोक आले, राहिले आणि गेले. पुष्कळांची मुलं तिथं असतानाच झाली आणि त्यातल्या बहुतेकांची नावं चंद्रकांतानं ठेवली. तिला स्वतःला मूल झालं नाही.

ही सगळी नावं ठेवण्याआधी एक नाव तिनं मनाशी ठरवलं होतं, आणि ते तिला ठेवता आलं नव्हतं.

तिचा भाऊ बळवंत तिच्याहून बराच धाकटा. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला चंद्रकांतानंच कडेवर घेऊन वाढवला. तिचं लग्न होऊन ती बोईसरला आली, पुढे त्याचंही झालं, आणि त्याला पहिली मुलगी झाल्याचा निरोप आला त्या दिवसापासून ती नावाच्या मागे लागली. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि बळवंतला बहीण एकच. हरेश्वर कंपनीतल्या पाळीवरून आले की त्यांना चहा देता देता ती नावं ऐकवायची. ते प्रत्येक नावाला ‘बरं आहे’ म्हणायचे. ‘हिमानी’ ऐकल्यावर मात्र त्यांनी कप खाली ठेवला.

“हे कुठून काढलंस?”

कुठून ते तिलाही सांगता आलं नाही. तिनं बर्फ कधी पाहिलेला नव्हता. खाऱ्या वाऱ्यात, घामात वाढलेली ती. पण ते नाव तोंडात घेतलं की थंड वाटायचं, एवढंच.

बारशाच्या दिवशी ती पहिल्या एसटीनं घिवलीला पोचली. ओटीवर पाळणा टांगला होता, आत घुगऱ्या शिजत होत्या. पिशवीत स्वतः शिवलेलं झबलं-टोपडं होतं. पाणी प्यायला म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, तर मागच्या दारी भावजयीची, जयवंतीची, आई कुणाला तरी सांगत होती, “तिची कूस भरली नाय अजून. तिला पाळण्याला हात लावू देऊ नका. नाव आमची धाकटी ठेवील.” आवाज भांडणाचा नव्हता, काळजीचा होता. म्हणूनच तो जास्त लागला. चंद्रकांता ओटीवर आली. बळवंतनं तिच्याकडं पाहिलं आणि नजर अंगणातल्या चिकूच्या करंड्यांकडं वळवली. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

जयवंतीच्या बहिणीनं बाळाच्या कानात ‘कीर्ती’ म्हटलं. चंद्रकांतानं घुगऱ्या खाल्ल्या, झबलं बाळाच्या उशाशी ठेवलं आणि दुपारच्या एसटीनं परत आली. बोलली कुणालाच काही नाही. त्यानंतर ती माहेरी गेली ती कुणाच्या लग्नाला, नाहीतर दहाव्याला. जायची, पंगतीत बसायची, उठून यायची. माहेर म्हणून वस्तीला राहिली नाही. बळवंत सणाला कधी नारळ, कधी चिकू पाठवायचा. ती ते चाळीत वाटून टाकायची.

चाळीच्या कोपऱ्यातल्या खोलीत तेव्हा सिवानकडचा अवधेश कुमार राहत होता. त्याची बायको सुनैना बाळंत होऊन दवाखान्यातून आली, आणि सहाव्या दिवशी दुपारी तिच्या रडण्याचा आवाज ऐकून चंद्रकांता बघायला गेली. बाळ शांत झोपलं होतं. रडत होती ती आई.

“आज छठी है,” सुनैना म्हणाली. “बच्चे को काजल बुआ लगाती है. मेरी ननद तो गाँव में बैठी है. यहाँ कौन लगाएगा?”

चंद्रकांता उंबऱ्यातच उभी राहिली. आपणहून पुढं व्हावं असं वाटत होतं, पण न सांगता पुढं होणं तिला पटेना. ती हळूच म्हणाली, “मेरे को बच्चा नहीं है.”

सुनैनाला यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलंच नाही. तिनं डोळे पुसले. “तो क्या हुआ? बुआ तो बुआ होती है.” आणि काजळाची डबी पुढं केली.

चंद्रकांतानं बाळाच्या डोळ्यांत काजळ घातलं. एका डोळ्याचं जरा गालावर आलं. ते पुसावं की राहू द्यावं हे तिला कळेना, तेव्हा सुनैनाच हसली आणि म्हणाली, “नाम भी आप ही रख दीजिए.” नाव ठरलं दर्पण. संध्याकाळी अवधेश पेढे घेऊन आला. तिनं त्याला विचारलं, “तुम्हारा आडनाव कुमार, बीवी का देवी, और बच्चे का?”

“वही, कुमार.”

“मग घराणं कसं कळतं तुमच्यात?”

अवधेश म्हणाला, “घराना पता चला तो जात भी पता चलती है, भाभीजी. इसलिए बाबूजी ने छोड़ दिया.” त्या दिवसापर्यंत तो तिला भाभीजी म्हणत असे. दुसऱ्या दिवसापासून बुआजी म्हणायला लागला, आणि त्याचं ऐकून सगळी चाळ.

तिथून ते सुरू झालं. वापीकडच्या एका गुजराती बाईनं सांगितलं, आमच्यातही नाव फोईच पाडते, तुम्हीच पाडा. तमिळ कुटुंब आलं. त्यांच्यात आत्याला ‘अत्तै’ म्हणतात हे ऐकून चंद्रकांताला हसू आलं, इतक्या लांबून येऊन शब्द जवळजवळ तोच. कुणी नाव सुचवायला सांगायचं, कुणी आधीच ठरवून आणायचं आणि फक्त कानात सांगायला तिला बोलवायचं. नाव कुठलंही असो, ती आधी आईकडून म्हणवून घ्यायची, दोनदा, तीनदा, त्यांचा उच्चार जिभेवर बसेपर्यंत. मराठीत ते वेडंवाकडं होता कामा नये असा तिचा आग्रह असे.

चाळ झाडायला नवसी यायची, वाणगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरून. तिला हे सगळं फार गमतीचं वाटे.

“आमच्यात सोमवारी झाली ती सोमी, बुधवारी झाला तो बुध्या,” ती झाडू टेकवून म्हणायची. “माझ्या आयशीनं नवस केला व्हता, म्हणून मी नवसी. तुमी उगाच डोकं शिणवता, बाय.”

“अगं, नाव जन्माचं असतं.”

“नाव जन्माचं, पण हे लोक कुठं जन्माचे हाईत? कंपनी बंद झाली की चालले.”

नवसी म्हणाली ते खोटं नव्हतं. माणसं जायची. सुरतेला जायची, दमणला जायची, गावी परत जायची. अवधेश आणि सुनैनाही गेले. दर्पण आता लुधियानाला कामाला आहे असं कुणाकडून तरी तिच्या कानावर आलं. चंद्रकांता निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची आणि मग चार दिवस त्या खोलीच्या बाजूनं जायचं टाळायची. हरेश्वर म्हणायचे, “इतकं लावून घेऊ नकोस.” ती म्हणायची, “मी कुठं लावून घेतेय?”

एक नाव तिनं कुणालाच दिलं नव्हतं. मुली बऱ्याच झाल्या चाळीत. कितीदा जिभेवर आलं आणि तिनं ते मागं ढकललं. ते आपल्या भाचीचं आहे, असं तिला वाटायचं. भाची घिवलीला कीर्ती म्हणून वाढत होती, शाळेत जात होती, तिचं ते नाव पक्कं झालं होतं, हे सगळं माहीत असून वाटायचं.

मग प्रफुल्ल बेहेरा आणि त्याची बायको मिनती राहायला आली. प्रफुल्ल रंगाच्या कारखान्यात होता. हातांच्या रेषांत निळा-जांभळा रंग मुरलेला, धुतला तरी जायचा नाही. त्यांना मुलगी झाली ती ऐन वैशाखात. ओडिशात एकविसाव्या दिवशी नाव ठेवतात, त्याप्रमाणं खोलीत सगळी जमली. पत्रे तापले होते, पंखा गरम हवाच फिरवत होता, आणि बाळ उकाड्यानं रडून रडून लाल झालं होतं. मिनतीनं नाव सुचवायचं चंद्रकांतावरच सोडलं होतं. चंद्रकांतानं दुसरंच एक नाव ठरवून आणलं होतं. ती बाळाच्या कानाशी वाकली, दोन्ही हातांचा आडोसा केला, आणि तोंडातून गेलं ते ‘हिमानी’.

ती सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की मिनती घाबरली. “क्या हुआ बुआजी?”

“काही नाही. हिमानी नाम है.”

हरेश्वर मागं उभे होते. घरी आल्यावर त्यांनी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणला, एवढंच.

हिमानी चाळीत वाढली, पण खोलीत कमी आणि चंद्रकांताच्या घरात जास्त. आईनं शिकवलं म्हणून ती तिला ‘पिउसी’ म्हणायची. त्यांच्या भाषेतली आत्या. गल्लीतल्या मराठी शाळेत जायची आणि चंद्रकांताचं ऐकून बोलायची थेट घिवलीसारखी. “पिउसी, मला भूक लागली हाय,” असं ती म्हणाली की हरेश्वर पेपर बाजूला ठेवून हसत बसायचे. दिवेलागणीला पोरं गल्लीत खेळत असायची. चंद्रकांता दारात उभी राहून हाक मारायची, “हिमानी, घरी चल.” मिनतीनं हाक मारली असती तरी चाललं असतं, पण ती मारायची नाही. ती हाक कुणाची आहे हे तिला न सांगता कळलं होतं.

मुलगी नऊ वर्षांची झाली आणि कारखान्यानं शटर ओढलं. प्रफुल्लनं दोन-तीन ठिकाणी बघितलं, पण त्याच्या वडिलांचंही वय झालं होतं. त्यांनी गावी, भद्रकच्या बाजूला, परत जायचं ठरवलं. रिक्षात सामान भरताना हिमानी खेळायला निघाल्यासारखी उड्या मारत होती. तिला आगगाडीचं कौतुक होतं. चंद्रकांतानं तिच्या हातावर दही-साखर ठेवली, तिनं ती चाटून खाल्ली आणि म्हणाली, “पिउसी, मी सुट्टीत येईन.” रिक्षा वळल्यावर चंद्रकांता बराच वेळ गल्लीच्या तोंडाशी उभी होती. नवसीनं तिला हाताला धरून घरात आणलं.

सुरुवातीला दर आठवड्याला फोन यायचा. मग सणाला. पोरीचं मराठी हळूहळू विरत गेलं, आधी ‘हाय’, ‘नाय’ गेलं, मग वाक्यं हिंदीत येऊ लागली, मग नुसतं “हाँ पिउसी, ठीक पिउसी.” एका दुपारी न राहवून चंद्रकांतानं आपणहून फोन लावला. उचलला तो एका म्हाताऱ्या बाईनं. प्रफुल्लची आई असणार.

“हिमानी को दो,” चंद्रकांता म्हणाली.

पलीकडून काहीतरी प्रश्न आला. तिला तो समजला नाही. ती पुन्हा म्हणाली, “हिमानी. हिमानी.”

“हिमानी?” म्हातारीनं ते नाव असं म्हटलं, जणू त्या घरात असं कुणी नव्हतंच. मग म्हणाली, “नाइँ, नाइँ,” आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी मिनतीचा फोन आला. तिला फार वाईट वाटत होतं. “बुआजी, घर में सब उसको कुनी बोलते हैं ना. सासू माँ को स्कूल का नाम मालूमही नहीं. हमारे उधर ऐसाही है, घर का नाम अलग.”

“हाँ हाँ, कुनी भी अच्छा है,” चंद्रकांता म्हणाली. तिनं फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले. तांदूळ आधीच निवडलेले होते, हे हरेश्वरांनी पाहिलं, पण तिला सांगितलं नाही.

पुढं तो नंबर लागेनासा झाला. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर हरेश्वर आजारी पडले आणि गेले. त्यांच्या दहाव्याला बळवंत आला होता. तो दारात उभा राहिला, आत बसला, गेला. दोघांत दोन-चार शब्द झाले असतील.

परवाच्या माघात, एका सकाळी, गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबली. हेल्मेट काढून एक तिशीला आलेली मुलगी आत आली. चंद्रकांता ओट्यावर वाल सोलत होती. तिनं भाचीला लग्नाकार्यात लांबून पाहिलेलं होतं, पण जवळून अशी पहिल्यांदाच. डोळे बळवंतचे होते.

“आत्या, मी कीर्ती.”

बुआ, फोई, अत्तै, पिउसी, इतक्या हाका तिनं ऐकल्या होत्या. ही हाक मात्र ऐकून वालाची शेंग हातातच राहिली.

“बस,” ती म्हणाली. “चा टाकते.”

कीर्ती पालघरला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होती. चहा होईपर्यंत तिनं भडाभडा सांगून टाकलं: तिच्या भावाला, धीरजला, मुलगी झाली, रविवारी बारसं आहे, आणि आत्या म्हणून नाव तिला ठेवायचं आहे. “मला काही येत नाही त्यातलं. आईला विचारलं, तर म्हणाली, चंद्रकांता वन्संना विचार. आणि त्यांना घेऊनच ये.”

“जयवंती असं म्हणाली?”

“हो.”

पोरीला मागचं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. चंद्रकांतानंही सांगितलं नाही. तिनं तिला पाळण्यावर कसं वाकायचं, हातांचा आडोसा कसा धरायचा, ते उशी घेऊन दाखवलं. “आणि नाव तोवर कुणाला कळू द्यायचं नाय.”

“ते तर धीरजनं कधीच ग्रूपवर टाकलंय. रियांशी.”

“रि...?”

“रियांशी. मलापण म्हणताना अडखळायला होतं.”

दोघी हसल्या. चंद्रकांतानं ते नाव दोनदा, तीनदा म्हणून पाहिलं, नेहमीच्या सवयीनं, जिभेवर बसेपर्यंत.

रविवारी ती घिवलीला गेली. जयवंतीचे गुडघे गेले होते. ती खुर्चीत बसूनच सगळ्यांना सूचना देत होती. तिची आई जाऊन खूप वर्षं झाली होती. चंद्रकांता नेहमीप्रमाणं बायकांच्या मागं, भिंतीशी बसायला गेली, तर जयवंती म्हणाली, “वन्सं, तिथं नाय. इथं या, पाळण्याजवळ.” सगळ्या बायकांनी वाट करून दिली. कीर्ती वाकली, न अडखळता नाव सांगितलं, आणि बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. मग जयवंतीनं कीर्तीला बाळ उचलायला लावलं आणि चंद्रकांताच्या मांडीवर ठेवायला सांगितलं.

तिला वाटलं होतं, या क्षणी काहीतरी भरून येईल. आलंही, पण ते या बाळाचं नव्हतं. हिचं डोकं हातावर ज्या वजनानं टेकलं होतं तेच वजन तिला आठवत होतं, वैशाखातलं, तापलेल्या पत्र्यांखालचं. आणि तिला हेही कळत होतं की या घरात आता नाव ठेवणारी कीर्ती आहे. आपली पाळी आपण दाराबाहेर असतानाच येऊन गेली. तिनं बाळाच्या कपाळावर बोट फिरवलं आणि ते परत दिलं.

निघताना बळवंत अंगणाच्या टोकापर्यंत आला. कीर्ती स्कूटर काढत होती. तो चप्पल वाळूत घासत म्हणाला, “चंदू, तू कीर्तीचं काय नाव ठेवणार व्हतीस तवा?”

इतक्या वर्षांनी त्यानं हे विचारलं. चंद्रकांताला राग आला नाही. तिला फक्त थकल्यासारखं झालं.

“हिमानी.”

“चांगलं व्हतं.”

“हां. पण ते मी देऊन टाकलं.”

“कुणाला?”

“एक मुलगी हाय. ओडिशाला असते.”

बळवंतनं मान हलवली. तिच्या पिशवीत त्यानं चिकू घातले होते; ते चाळीत वाटू नकोस, तू खा, एवढंच म्हणाला.

कीर्तीनं हे सगळं ऐकलं होतं. तिनं आत्याला बोईसरला आणून सोडलं. ओट्यावर बसल्यावर म्हणाली, “म्हणजे मी हिमानी झाले असते.”

“तू कीर्तीच बरी.”

“आणि ती दुसरी? तिचं पूर्ण नाव काय?”

मग चंद्रकांतानं सांगितलं. प्रफुल्लच्या हातांचा रंग, पिउसी, ‘भूक लागली हाय’, म्हातारीनं ठेवून दिलेला फोन. कीर्तीनं ऐकता ऐकताच मोबाईल काढला. “आता शोधता येतं, आत्या. नाव टाकायचं फक्त.” तिनं टाकलं, हिमानी बेहेरा, आणि मोबाईल चंद्रकांताच्या हातात दिला.

चंद्रकांताला वाटलं होतं, एक चेहरा येईल. चेहऱ्यांची रांग आली. हिमानी बेहेरा, भुवनेश्वर. हिमानी बेहेरा, कटक. साडीतली, पदवीच्या टोपीतली, नवऱ्याबरोबर उभी असलेली, मांडीवर बाळ घेतलेली. कुणी फुलांचा फोटो लावला होता, कुणी देवीचा. बोट वर सरकवलं की खालून नव्या येत होत्या. जे नाव तिनं स्वतः काढलं असं तिला वाटत होतं, ते त्या मुलखात घरोघर होतं.

“आता ती सोळा-सतराची असेल ना?” कीर्तीनं विचारलं. “ओळखशील?”

“ओळखीन.” मग ती म्हणाली, “माहीत नाय.”

ऊन ओट्यावरून खाली उतरलं. पहिल्या पाळीची बस गल्लीच्या तोंडाशी थांबून गेली, आणि चाळीतली कामगार पोरं, आता नुसती एकटी राहणारी, झारखंडची, आसामची, डबे हलवत आपापल्या खोल्यांकडं निघाली. प्रत्येक जण जाताना “बुआजी” म्हणत होता. ती मान न उचलता एकेकाला नावानं उत्तर देत होती. चष्मा नाकावर घसरला होता. कीर्तीचा हात मोबाईलकडं गेला, चार्जिंग कमी झालं होतं.

“पुन्हा रविवारी बघू या का, आत्या?”

“ये रविवारी,” चंद्रकांता म्हणाली. “पण थांब, एवढ्या चार बघू दे.”